लकवा मारलेला पेशंट घरी आला, पुढं काय? डिस्चार्जनंतरच्या उपचारात कुणाचं काय काम, जाणून घ्या

अंगावरून वारं गेलं की घरचे धावपळ करून पेशंटला दवाखान्यात नेतात. जीव वाचतो, आठ-दहा दिवसांत डिस्चार्ज मिळतो. मग मात्र माणूस खाटेवर पडून राहतो आणि ‘आता असंच चालायचं’ म्हणून सगळे गप्प बसतात. नुकसान होतं ते इथंच. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते. पण ते एकट्या डॉक्टरचं काम नाही.

कुणाचं काम काय?

डॉक्टर रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करणारी औषधं बघतात, म्हणजे दुसरा झटका टळावा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.

नर्स घरच्यांना पेशंटची कूस बदलायला शिकवतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात.

फिजिओथेरपिस्ट बसणं, उभं राहणं, तोल सांभाळणं आणि चालणं परत शिकवतात. लुळा हात धरून पेशंटला ओढून उठवू नका, खांदा निखळू शकतो.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामं बसवून देतात. उदाहरणार्थ, सदरा घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. संडासात धरायला दांडी कुठं लावायची, हेही तेच सांगतात.

स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतात असं नाही. पेशंटला नीट गिळता येतं का, हेसुद्धा ते तपासतात.

एक कडी तुटली की सगळं अडतं

गिळण्याची तपासणी न करता पेशंटला आडवं ठेवूनच पाणी पाजलं, तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मग फिजिओथेरपी थांबते आणि पेशंट परत दवाखान्यात. रक्तदाब आटोक्यात नसेल तर व्यायामाला मर्यादा येते. मन खचलं तर पेशंट व्यायामालाच तयार होत नाही. झटक्यानंतर उदासी येणं हा हट्ट नाही, त्यावर उपचार आहेत. ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. म्हणून मोठ्या रुग्णालयात ही सगळी मंडळी एकत्र बसून ठरवतात, की पेशंटला आधी काय जमायला हवं.

तालुक्यात काय करायचं?

आपल्याकडं हे सगळे एका छताखाली क्वचितच भेटतात. फिजिओ तालुक्याला, डॉक्टर जिल्ह्याला, अशी विभागणी असते. एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम घरच्यांवर येतं. त्यासाठी साधी वही ठेवा. रोजचा रक्तदाब, चालू गोळ्या, कोणता व्यायाम किती वेळ केला, काय खाल्लं, ठसका लागला का, झोप कशी लागली, हे लिहा. प्रत्येक भेटीत वही दाखवा.

डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या: पेशंटला काय आणि कसं भरवायचं? कोणता व्यायाम घरी करायचा? परत कधी आणि कुणाला दाखवायचं? गावातल्या आशाताईंना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पेशंट घरी आल्याचं कळवा. रक्तदाब तपासायला जिल्ह्याला जायची गरज नाही.

अपंगत्व राहिलंच, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. बऱ्याच सवलतींना 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. याची माहिती सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडं मिळते.

हे लक्षात ठेवा

तोंड अचानक वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर तेल-मालिशीत वेळ घालवू नका. लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. एकदा झटका येऊन गेलेल्याला तो परत येण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळं ही लक्षणं घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना माहीत असू द्या.