व्यसनमुक्तीचं रुग्णालय निवडताना

रोज पिणाऱ्यानं दारू अचानक बंद केली की पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे असतात. हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते, भास होऊ लागतात. उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. म्हणून चकचकीत इमारत पाहून भुलू नका. रात्री दोन वाजता फिट आली तर इथं डॉक्टर असतात का, हे आधी विचारा. ‘सकाळी येतील’ असं उत्तर मिळालं, तर दुसरं रुग्णालय शोधा.

व्यसनाच्या जोडीला अनेकदा नैराश्य असतं. दोन्हींवर एकत्र उपचार हवेत. घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा कोण करणार, हेही विचारा. खरी कसोटी तिथंच लागते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६पासून घरच्यांना उपचारात सामील करून घेतलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णालयाची नोंदणी बंधनकारक आहे. रुग्णाला साखळदंडानं बांधायला बंदी आहे. भेटीगाठींचा आणि फोनचा त्याला हक्क आहे. ‘महिनाभर भेटायचं नाही’ म्हणणाऱ्यांच्या हाती आपलं माणूस देऊ नका.

कुठं जावं हेच सुचत नसेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.