विश्लेषण : डोळ्याच्या सोनोग्राफीत नसलेल्या रेषा का दिसतात?

मोतीबिंदू पूर्ण पिकला किंवा डोळ्यात रक्तस्राव झाला, की डॉक्टरांना बाहुलीतून आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, दिसत नाही. अशा वेळी ‘बी-स्कॅन’ करतात. बंद पापणीवर जेल लावून प्रोब टेकवला जातो आणि साधारण १० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी आत सोडल्या जातात. मात्र मॉनिटरवर उमटणारी प्रत्येक रेषा डोळ्यात असतेच असे नाही.

यंत्र कुठे फसते?

यंत्र फक्त प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजते. लहर सरळ गेली, एकदाच आपटून परतली आणि तिचा वेग ठरावीक होता, हे ते गृहीत धरते. डोळ्यात कृत्रिम भिंग किंवा धातूचा कण असेल, तर लहर तो आणि प्रोब यांच्यात अनेकदा ये-जा करते. उशिरा पोहोचणारी प्रत्येक फेरी यंत्राला आणखी खोलवरची वस्तू वाटते. मग सारख्या अंतरावर, फिकट होत जाणाऱ्या रेषा दिसतात. त्यातली एखादी सुटलेल्या पडद्यासारखी भासू शकते.

सिलिकॉन तेलाचा घोळ

पडदा सुटल्यावर शस्त्रक्रियेत अनेकदा डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात. डोळ्यातल्या द्रवात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५३२ मीटर. तेलात तो हजार मीटरच्याही खाली येतो. यंत्राला हे सांगितले नाही, तर २४ मिलिमीटरचा डोळा ३० मिलिमीटरहून लांब दिसतो. मोतीबिंदूच्या भिंगाचा नंबर याच लांबीवरून ठरतो आणि एका मिलिमीटरची चूक नंबरात अडीच-तीनचा फरक पाडते. म्हणूनच तेल भरले असल्यास रुग्णाने तपासणीपूर्वी ते आवर्जून सांगावे.

खरे-खोटे कसे ओळखतात?

डॉक्टर प्रोबचा कोन बदलतात, रुग्णाला डावीउजवीकडे पाहायला सांगतात. आभासी रेषा अशा वेळी जागा बदलते किंवा नाहीशी होते. पूर्ण सुटलेला पडदा मात्र सहसा दृष्टिचेतेपाशी चिकटलेलाच दिसतो. रुग्ण फाइलमध्ये जपून फिरवतो तो एक स्थिर फोटो. निदान होते ते हलत्या चित्रावरून.

काही आभास उपयोगीही पडतात. लहान मुलांमधल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या गाठीत बहुधा कॅल्शियमचे कण असतात. त्यांच्यामागे ध्वनी पोहोचत नाही आणि चित्रात काळी सावली पडते. डॉक्टर ही सावली मुद्दाम शोधतात.