परक्या फौजेची वर्दी आणि नागरिकत्व : सही करण्याआधी हे समजून घ्या

परदेशात नोकरी, पगार लाखात, काम ‘हेल्पर’चं किंवा ‘सिक्युरिटी गार्ड’चं, आणि पुढे त्या देशाचं नागरिकत्वही. असं आमिष दाखवून आपल्याकडच्या तरुणांना रशियाला नेलं गेलं आणि तिथे त्यांच्या हाती बंदूक आली. हैदराबाद, सुरत, कलबुर्गी, काश्मीर, पंजाब अशा ठिकाणची ही मुलं होती आणि त्यांत आपल्या समाजातलीही होती. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने या एजंटांवर छापे टाकले, त्या शहरांत मुंबईही होती. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले : रशियन फौजेत गेलेले १२६ भारतीय, परत आलेले ९६, मृत्यू पावलेले १२ आणि बेपत्ता १६.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. नंदुरबार जिल्ह्यातली माणसं, नर्मदाकाठच्या मणिबेलीपासून खाली नवापूरपर्यंत, पोटासाठी सुरतेची वाट धरतात. तिथून पुढे आखात, आणि आता रशियासुद्धा. म्हणून फौजेतल्या नोकरीच्या बदल्यात नागरिकत्व म्हणजे नेमकं काय, ते कोण देतं आणि त्यासाठी काय गमवावं लागतं, हे आम्ही इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

कोणते देश देतात?

रशियाने ४ जानेवारी २०२४ च्या आदेशाने मार्ग सोपा केला. किमान एक वर्षाचा करार करून लढणाऱ्या परदेशी माणसाला स्वतःसाठी आणि बायको-मुलं, आईवडील यांच्यासाठी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ऐकायला गोड वाटतं. पण सप्टेंबर २०२२ मध्ये रशियात अंशतः लष्करी भरतीचा आदेश निघाला, त्याच आदेशानुसार फौजेचे करार मुदत संपली तरी चालूच राहतात. म्हणजे कागदावर एक वर्ष लिहिलेलं असलं तरी वर्षानंतर घरी जायला मिळेल याची खात्री नाही. शिवाय करार रशियन भाषेत. परत आलेल्या अनेकांनी सांगितलं, की सही कशावर करतोय हेच कळलं नव्हतं.

फ्रान्सच्या ‘फॉरेन लीजन’मध्ये पहिला करार पाच वर्षांचा असतो आणि तीन वर्षांच्या सेवेनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. लढाईत जखमी झालेल्यांसाठी १९९९ पासून वेगळी सवलत आहे. मात्र भरतीसाठी स्वतः फ्रान्सला जावं लागतं आणि ती मोफत असते. त्यामुळे लीजनच्या नावाने कुणी इथे पैसे मागत असेल तर तो फसवतोय, हे समजून चला.

अमेरिकेत युद्धकाळात सेवा केलेल्या परदेशी सैनिकाला लवकर नागरिकत्व मिळण्याची कायद्यात सोय आहे. हिंदी-उर्दूसारख्या भाषा येणाऱ्यांसाठी २००८ मध्ये एक खास योजनाही निघाली होती. ती २०१६ पासून नव्या भरतीसाठी बंद आहे. आज तिथल्या फौजेत जायला साधारणपणे ग्रीन कार्ड हातात लागतं.

आपल्या देशाचं काय? नेपाळचे गोरखा १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार भारतीय फौजेत येत राहिले. त्यांना पगार आणि पेन्शन मिळते, पण निव्वळ नोकरीमुळे भारताचं नागरिकत्व मिळत नाही. ब्रिटनच्या फौजेतल्या गोरखांनाही तिथे कायम राहण्याचा हक्क झगडून घ्यावा लागला. १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तो मिळायला २००९ उजाडलं.

दिलेलं परत घेतलं जातं

हे फक्त आजचं नाही. अमृतसर जिल्ह्यातले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेत होते. डिसेंबर १९१८ मध्ये अंगावर वर्दी असतानाच त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० मध्ये न्यायालयाने ते पुन्हा दिलं. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘तुम्ही गोरे नाही’ असं ठरवून निकाल विरोधात दिला. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही नागरिकत्व काढून घेण्याचा खटला झाला. पंडित तो जिंकले. थिंड यांना मात्र १९३५ मध्ये माजी सैनिकांसाठी नवा कायदा होईपर्यंत थांबावं लागलं. १९३६ मध्ये ते अखेर नागरिक झाले. वर्दी तीच होती, सेवाही तीच होती. बदलला तो कायद्याचा अर्थ आणि शेवटी कायदा.

आपल्या देशातलं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. आसामचे मोहम्मद सनाउल्लाह यांनी भारतीय फौजेत ३० वर्षं काढली आणि २०१७ मध्ये मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. मे २०१९ मध्ये तिथल्या परदेशी नागरिक न्यायाधिकरणाने त्यांनाच ‘परदेशी’ ठरवलं. गोलपाड्याच्या डिटेन्शन कॅम्पमध्ये त्यांना दिवस काढावे लागले. जूनमध्ये गुवाहाटी हायकोर्टाने जामीन दिला तेव्हा ते बाहेर आले. ज्या माणसाने देशासाठी उभं आयुष्य दिलं, त्यालाही शेवटी कागदच दाखवा म्हटलं गेलं.

कागद नसला की काय होतं, हे नर्मदाकाठाला विचारा. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं गाव बुडालं ते मणिबेली. त्या खोऱ्यातल्या अनेक आदिवासी कुटुंबांनी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली होती, पण नावावर पट्टा नाही म्हणून ती ‘अतिक्रमण’ ठरली आणि पुनर्वसनाच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. नागरिकत्वाचंही तसंच आहे. घाम, रक्त, सेवा हे सगळं खरं, पण हक्क टिकतो तो कायद्याने आणि कागदाने.

आपण काय गमावतो?

एजंट ही बाजू कधीच सांगत नाही. आपल्या राज्यघटनेत आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. या कायद्याच्या कलम ९ नुसार स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. मग मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही, आणि अम्मी-अब्बांना भेटायला यायचं तरी व्हिसा.

काहीजण म्हणतात, ओसीआय कार्ड काढू. इथेच मोठी अडचण आहे. परदेशी फौजेत नोकरीत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही, असं गृह मंत्रालयाच्या सूचनांमध्ये आहे. कॅनडात दुकान चालवणाऱ्या भावाला जे कार्ड मिळतं, ते फौजेतून नागरिक झालेल्या भावाला मिळणार नाही.

घरच्यांनी काय करावं?

एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. लाखो रुपये मागितले की तिथेच सावध व्हा. टूरिस्ट व्हिसावर नोकरीला पाठवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. करार कळत्या भाषेत मागा, त्याचा फोटो घरी ठेवा, पासपोर्ट कुणाच्या हवाली करू नका. मुलगा अडकलाच तर त्या देशातल्या भारतीय दूतावासाला आणि मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर लगेच कळवा. लाज वाटून गप्प बसू नका, उशीर झाला तर जीव जातो.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, अशी शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. उसनवारीच्या पैशाला ही काळजी लावायची, तर पोराच्या जिवाच्या करारावर न वाचता सही कशी करायची?

मोहल्ल्यातले बुजुर्ग, शिक्षक आणि इमाम साहेबांना आमची विनंती आहे. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं या विषयावर बोला. गरिबी आणि बेकारी खरी आहे, तिच्यावर रागावून चालणार नाही. पण कर्ज काढून पोराला अनोळखी लढाईत धाडण्याआधी घरात एकदा हिशोब मांडायलाच हवा : मिळणार काय, आणि परत न मिळणारं काय.