लासलगावच्या पेठेतील तंबाखू आणि मुखाचा कर्करोग

निफाड तालुक्यातील लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली आणि कांद्याची पेठ म्हणून तिचा लौकिक देशभर पसरला. येथे माल आणणारा शेतकरी साठवणुकीच्या कामात निष्णात असतो. उन्हाळ कांदा चाळीत भरण्यापूर्वी जोडकांदा, डेंगळ्याचा कांदा व मऊ पडलेला कांदा तो निवडून बाजूस काढतो. हीच दक्षता स्वतःच्या तोंडाविषयी मात्र क्वचितच बाळगली जाते. लिलावाची वाट पाहताना चुन्यासह मळलेली चिमूट आणि घरी स्त्रियांची सकाळची मिश्री ही नित्याचीच समजली जाते. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच होय. तिला दंतमंजन म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे. नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. फवारणीनंतर हात न धुता तंबाखू मळणाऱ्याच्या पोटात तर औषधाचे विषही जाते, ते वेगळेच.

हा रोग बहुधा पूर्वसूचना देऊन येतो. गालाच्या आतील बाजूस न पुसला जाणारा पांढरा अथवा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी आग, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, किंवा उभी तीन बोटे मावू नयेत इतके आखडलेले तोंड, ही ती लक्षणे होत. वेदना नसल्यामुळे पुष्कळजण थांबून राहतात आणि तेथेच घात होतो. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून ओठ, गाल, हिरड्या व जिभेखालची जागा पाहावी आणि लक्षण दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाही धोका असतो. या बाबतीत गावाने एकत्र येऊन काय साधते, हे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात दिसून आले. तेथे १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात विषाणूची एकवार तपासणी करून वेळीच उपचार दिले गेले, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे होते, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

लासलगावच्या आसपासच्या गावांनाही हे अशक्य नाही. ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांतून होते. आशा सेविकेच्या साहाय्याने ग्रामसभेने त्यासाठी एक दिवस ठरवावा. मात्र तो कांदा काढणीच्या धांदलीत नसावा, नाहीतर मजूर स्त्रिया येणारच नाहीत. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तिची अंमलबजावणी ग्रामपंचायतीने पाहावी. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास १८०० ११ २३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पहिले काही दिवस तलफ जोराची येते. त्या वेळी तोंडात बडीशेप धरावी, सुपारी धरू नये.