जुन्या चिलखती वाहनांची ओळख

जुन्या चिलखती वाहनांची ओळख : सेवेतून निवृत्त झालेल्या किंवा युद्धात हस्तगत केलेल्या रणगाड्यांचा व चिलखती मोटारींचा प्रकार, उपप्रकार, उत्पादनकाल, ती वापरणारी रेजिमेंट आणि शक्य तेथे त्यांतून लढलेले सैनिक निश्चित करण्याची पद्धती. शर्यतीच्या जुन्या मोटारगाड्या ओळखण्याची पद्धती आणि ही पद्धती मुळात एकच होय. दोन्हींत वाहनाचे भाग वारंवार बदललेले असतात, रंग अनेकदा दिलेला असतो आणि प्रत्यक्ष वाहन चालविणाऱ्याचे नाव सर्वांत आधी विस्मरणात जाते. म्हणून दोन्ही ठिकाणी बाह्य रूपापेक्षा सांगाडा, क्रमांक आणि लेखी नोंद यांवर अधिक विश्वास ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाचे प्रमुख स्थान अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे आहे. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय १९४८ पासून येथे आहे. या संस्थेने उभारलेल्या रणगाडा संग्रहालयाचे उद्‌घाटन तत्कालीन भूसेनाप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते फेब्रुवारी १९९४ मध्ये झाले. तेथे सु. ५० वाहने असून त्यांत रोल्स-रॉइस चिलखती मोटार, ब्रिटिश बनावटीचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल व सेंचुरियन, अमेरिकन स्टुअर्ट व शर्मन, फ्रेंच एएमएक्स-१३, सोव्हिएट पीटी-७६, ब्रह्मदेशाच्या मोहिमेतील जपानी रणगाडा, पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन आणि भारतात तयार झालेला विजयंता यांचा समावेश होतो.

शर्यती मोटारी व रणगाडे : या दोहोंचा संबंध केवळ पद्धतीपुरता नाही. रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीने १९०७ मध्ये सु. १५,००० मैलांची (सु. २४,००० किमी.) चाचणी यशस्वीपणे पार पाडली. तिच्याच चॅसीवर पहिल्या महायुद्धात चिलखती मोटारी बांधण्यात आल्या. जे. वॉल्टर क्रिस्टी (१८६५–१९४४) हा अमेरिकन अभियंता स्वतः शर्यतपटू होता व १९०७ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत तो स्वतः तयार केलेली मोटार घेऊन उतरला होता. त्याने पुढे मोठी धावचाके स्वतंत्र स्प्रिंगांवर बसविण्याची योजना शोधून काढली. सोव्हिएट टी-३४ आणि ब्रिटिश क्रुसेडर हे रणगाडे तीच योजना वापरतात.

प्रकाराची ओळख : अभ्यासकाने प्रथम वाहनाच्या खालच्या भागाकडे पहावे. तोफ व बुरूज बदलता येतात. परंतु धावचाकांची संख्या व मांडणी ही सांगाड्याच्या रचनेशी निगडित असल्याने सहसा बदलत नाही. चर्चिलच्या प्रत्येक बाजूस ११ लहान चाके असतात. व्हॅलेंटाइनची सहा चाके तिनांच्या दोन गटांत असून प्रत्येक गटात एक मोठे व दोन लहान असतात. शर्मनची सहा चाके दोनदोनच्या तीन जोड्यांत बसविलेली असतात. स्टुअर्टमध्ये अशा दोनच जोड्या असून मागचे मोठे चाक जमिनीला टेकलेले असते. चॅफीला पाच, तर पीटी-७६ ला सहा चाके असतात आणि पीटी-७६ मध्ये साखळीपट्टा वरून तोलून धरणाऱ्या लहान चाकांचा अभाव असतो. जपानी ९५ क्रमांकाच्या हलक्या रणगाड्यास प्रत्येक बाजूस चारच चाके असतात.

यानंतर सांगाड्याची बांधणी पहावी. रिव्हेट मारलेले, ओतीव आणि वितळजोड केलेले चिलखत असे तीन प्रकार आढळतात. शर्मनचे उपप्रकार याच आधारे वेगळे करता येतात. एम४ए१ चा सांगाडा ओतीव व गोलसर कडांचा असतो, एम४ चा पत्रे जोडून केलेला असतो. एम४ए४ मध्ये मोठ्या एंजिनासाठी सांगाडा लांबविल्यामुळे चाकांच्या जोड्यांमध्ये अधिक अंतर पडते.

पॅटन या एकाच नावाखाली येणाऱ्या वाहनांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने एम४७ व एम४८ असे दोन्ही प्रकार वापरले. एम४७ च्या सांगाड्याच्या पुढील भागात मशीनगन असते, बुरूज अरुंद व मागे लांबलेला असतो आणि त्यात पाच सैनिक बसतात. एम४८ चा पुढील भाग होडीच्या तळासारखा गोलाकार असून तेथे मशीनगन नसते, बुरूज अर्धगोलाकार असतो व सैनिक चार असतात. दोहोंची तोफ ९० मिमी.चीच असल्याने केवळ तोफ मोजून निर्णय देता येत नाही.

बुरूज व तोफ यांची तपासणी शेवटी करावी. एएमएक्स-१३ चा बुरूज मागील बाजूस असून त्याचा वरचा भाग तोफेसह वरखाली झुलतो. ही खूण निःसंदिग्ध आहे. याउलट भारतीय सैन्यातील काही शर्मन रणगाड्यांवर एएमएक्स-१३ ची ७५ मिमी. तोफ बसविण्यात आली होती. असे वाहन तोफेवरून ओळखू जाता फसगत होते. १९४८ मध्ये झोजी ला खिंडीवरील चढाईसाठी ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे गुप्तपणे पुढे नेताना त्यांचे बुरूज उतरविण्यात आले होते व १ नोव्हेंबर १९४८ च्या हल्ल्यात ते रणगाडे वापरले गेले. बुरूज सुटा होऊ शकतो हे लक्षात घेऊन बुरुजावरील आणि सांगाड्यावरील क्रमांक स्वतंत्रपणे वाचण्याची दक्षता घेतली पाहिजे.

क्रमांक व खुणा : कारखान्याने धातूच्या पट्टीवर किंवा ओतकामातच उठविलेला क्रमांक हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. रंगाने लिहिलेला क्रमांक दुय्यम महत्त्वाचा असतो. ब्रिटिश पद्धतीत नोंदणी क्रमांकाआधी रणगाड्यासाठी ‘टी’ व चिलखती मोटारीसाठी ‘एफ’ हे अक्षर लिहीत. स्क्वॉड्रन दर्शविण्यासाठी बुरुजावर भौमितिक आकृत्या काढीत : मुख्यालयासाठी शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन, ‘ए’ साठी त्रिकोण, ‘बी’ साठी चौरस व ‘सी’ साठी वर्तुळ. ब्रिगेडमधील सर्वांत ज्येष्ठ रेजिमेंटच्या आकृत्या लाल, दुसरीच्या पिवळ्या आणि कनिष्ठ रेजिमेंटच्या निळ्या असत. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत लाल व निळा यांतील भेद सहज दिसत नाही. त्यामुळे छायाचित्रावरून आकृती, म्हणजे स्क्वॉड्रन, सांगता येते. परंतु रेजिमेंट सांगण्यास अन्य पुरावा लागतो.

वाहनांना नावे देण्याची प्रथाही उपयुक्त ठरते. मात्र नाव हे वाहनाच्या इतिहासाचे वर्णन नसते. १८१७ मध्ये पुणे येथे उभारलेल्या घोडदळाची परंपरा सांगणाऱ्या पूना हॉर्स या रेजिमेंटचे अधिपती लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर १९६५ मध्ये ज्या सेंचुरियनमधून लढले, त्याचे नाव ‘खुशाब’ होते. खुशाब हे १८५७ मधील इराण मोहिमेतील लढाईचे ठिकाण आहे. साहजिकच रणगाडा तेथे गेलेला नव्हता. नाव रेजिमेंटच्या पूर्वपराक्रमाशी निगडित आहे. अशा नावावरून रेजिमेंटचा तर्क करता येतो, रणक्षेत्राचा करता येत नाही.

सैनिकांची ओळख : हा या विषयाचा सर्वांत अवघड भाग होय. रणगाडा एकटा मनुष्य लढवीत नाही. सेंचुरियनमध्ये नायक, गोलंदाज, गोळे भरणारा व बिनतारी संदेश पाहणारा सैनिक आणि पुढील भागात उजवीकडे बसणारा चालक असे चौघे असतात. पारितोषिकांच्या प्रशस्तिपत्रात बहुधा नायकाचेच नाव येते. चालकाचे नाव शोधण्यासाठी रेजिमेंटची युद्धदैनंदिनी, स्क्वॉड्रनच्या नेमणुकांच्या याद्या, मृत व जखमींच्या नोंदी आणि सहकाऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पहाव्या लागतात. छायाचित्रात वाहनापुढे उभे असलेले सर्वजण त्याच वाहनातील असतील असे नाही. प्रकारानुसार ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक माणसे दिसल्यास त्यांत इतर वाहनांतील सैनिक किंवा दुरुस्ती पथकातील कारागीर असण्याचा संभव असतो.

या पद्धतीचे उत्तम उदाहरण अहिल्यानगरच्या केंद्रातच जतन केलेले आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ क्षेत्रातील बसंतर नदीच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल (१४ ऑक्टोबर १९५०–१६ डिसेंबर १९७१) ‘फामागुस्टा’ नावाच्या सेंचुरियनमधून लढले. पुणे येथे जन्मलेल्या या एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने पेटलेला रणगाडा सोडून देण्यास नकार दिला व शत्रूचे रणगाडे रोखून धरीत त्यास वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. रणगाडा पाकिस्तानी सैन्याच्या हाती पडला व नंतर तो परत मिळाला. सेंचुरियन बाह्यतः एकमेकांसारखेच दिसतात. हाच तो रणगाडा, असे म्हणता येते ते त्याचे नाव आणि ‘जेएक्स २०२’ हा क्रमांक यांच्या आधारे. त्या दिवशी त्यात सवार प्रयाग सिंग (चालक), सवार नथू सिंग (गोलंदाज) व सवार नंद सिंग (बिनतारी संदेशक) हेही होते. त्यांपैकी नंद सिंग त्याच लढाईत धारातीर्थी पडले. वाहनाचा क्रमांक निश्चित झाला म्हणजे या तिघांची नावेही त्या लोखंडाशी कायमची जोडली जातात; क्रमांक हरवला तर केवळ एक जुना सेंचुरियन उरतो.

मर्यादा व महत्त्व : प्रदर्शनासाठी वाहन मांडताना गंज काढून नवा रंग दिला जातो आणि त्याखाली मूळ खुणा नष्ट होतात. तुटलेल्या वाहनास दुसऱ्याचे भाग जोडून ते पूर्ण केले जाते. म्हणून रंग खरवडण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घेणे, बदललेल्या भागांची यादी करणे आणि खात्री नसलेले नाव फलकावर न लिहिणे, हे नियम पाळणे आवश्यक असते. हस्तगत केलेल्या वाहनाबाबत ते कोठे, कोणत्या दिवशी व कोणाच्या हाती पडले ही नोंद त्याच्या प्रकाराइतकीच मोलाची असते. कारण त्यावरूनच दोन्ही पक्षांच्या लढाईच्या वृत्तांतांची पडताळणी होते.

१९३८ मध्ये सिंध हॉर्स ही पहिल्या काही यांत्रिकीकृत भारतीय घोडदळ रेजिमेंटांपैकी एक ठरली. तेव्हापासून घोड्याची जागा वाहनाने घेतली. घोडा मेला म्हणजे स्वाराच्या आठवणीतच उरे. वाहन मात्र लढाईनंतरही शिल्लक राहते व त्यावरील घाव वाचता येतात. चिलखताला पडलेल्या छिद्राची जागा पाहून आतील कोणत्या सैनिकास इजा झाली असावी याचा अंदाज बांधता येतो आणि तो मृतांच्या नोंदीशी जुळवून पाहता येतो. ज्या कुटुंबांना तारेतील दोन ओळींपलीकडे काही कळलेले नसते, त्यांच्या दृष्टीने अशा ओळखीचे महत्त्व ऐतिहासिक कुतूहलाहून मोठे असते.