बंद चुंबकाच्या पोटातली चूक

कॉलर आवळली की वेटोळे नजरेआड होते. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरसाठी, म्हणजे एलएचसीसाठी, घडवलेल्या प्रत्येक द्विध्रुव चुंबकावर ही वेळ आली. निओबियम-टायटॅनियमच्या चपट्या केबलचे वेढे, त्यांच्यामध्ये तांब्याच्या पाचरी, इन्सुलेशनचे थर, ध्रुवापाशी पातळ शिमा आणि या सगळ्यावर पोलादी कॉलरींचा प्रचंड दाब. पुढे 8.33 टेस्लाचे क्षेत्र वेढ्यांना बाहेर रेटू लागले तरी त्यांनी जागा सोडू नये, म्हणून हा दाब. पण तो एकदा बसला की आत पाचर चुकीची आहे, शिम राहून गेली आहे की दोनदा लागली आहे, हे पाहायची सोय उरत नाही.

असे 1232 चुंबक हवे होते, प्रत्येकी सुमारे 15 मीटर लांब. वेटोळी फ्रान्स, इटली आणि जर्मनीतल्या तीन कारखान्यांत बनत होती. कामात यंत्रे होती तशी माणसेही होती, आणि पाळी संपत आली की माणसाचा हात चुकतो हे कुठल्याही कारखान्याला सांगावे लागत नाही.

चुंबकीय क्षेत्र मोजायचे ठरले ते मात्र चुका धरण्यासाठी नव्हे, तर प्रोटॉनांसाठी. प्रोटॉनांचा झोत 27 किलोमीटरच्या वर्तुळात सेकंदाला 11 हजारांहून अधिक फेऱ्या मारतो, आणि हे तासन्‌तास चालते. क्षेत्रातली बारीक विषमता दर फेरीला त्याला धक्का देते. म्हणून इथे हिशेब दहा हजारांश भागात होतो आणि त्या भागालाच ‘युनिट’ म्हणतात.

मोजणी कॉलरी बसल्यावर, सामान्य तापमानालाच होई. पूर्ण क्षमतेला चुंबकात 11,850 अँपिअर वाहतात, इथे जेमतेम दहाएक. तेवढ्यावर क्षेत्र मिळते काही मिलिटेस्लांचे. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र याच्या साधारण एक टक्का भरते, आणि युनिटांच्या हिशेबात एक टक्का म्हणजे शंभर! म्हणून विद्युतप्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजायचे, की बाहेरचे क्षेत्र वजा होते. 75 सेंटिमीटर लांबीची फिरती कॉइल असलेला मापक नळीत घालायचा, 20 ठिकाणी थांबवायचा. एका चुंबकात नळ्या दोन, कारण झोत दोन आणि दिशा उलट्या.

हाती येते ती आकड्यांची माळ: मुख्य क्षेत्र, मग त्यात मिसळलेले चतुर्ध्रुवी, षट्ध्रुवी आणि त्यापुढचे अंश. खरी गंमत या माळेत आहे. वेटोळे नक्की सममित असेल तर षट्ध्रुव, दशध्रुव असे मोजकेच अंश उरायला हवेत. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर सरळ चतुर्ध्रुव डोके वर काढतो; वरची-खालची बाजू असमान झाली तर तिरपा चतुर्ध्रुव. त्यातही पुढचे अंश अंतराबरोबर झपाट्याने विरतात, त्यामुळे बिघाड नळीला लागून आतल्या थरात असेल तर ते ठळक उमटतात आणि बाहेरच्या थरात असेल तर फिकट. 20 पैकी एकाच ठिकाणी आकडा उसळला तर बिघाड तिथल्याच पाऊण मीटरात. सगळीकडे सारखाच सरकला तर पूर्ण लांबीचा एखादा भागच चुकीचा बसलेला. बाजारात मडके वाजवून घेतात. इथे मडके फुटले आहे एवढेच नव्हे, तडा कुठल्या अंगाला हेही कळते.

पण आकड्यांवरून उलट चालत बिघाडाकडे जाणे सोपे नाही. आकडे थोडे आणि वेढे पुष्कळ. एकाच माळेला बसतील अशा हालचाली गणिताला कितीही सुचवता येतात. यावरची तोड मला या सगळ्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आधी माणूस कुठे कुठे चुकू शकतो याची यादी करायची. शिम राहिली, शिम दोन लागल्या, पाचर बदलली, संरक्षक पत्रा दुहेरी बसला, आतल्या थराचा वरचा गट नळीकडे सरकला, शेजारच्या दोन वेढ्यांत शॉर्ट झाला. मग प्रत्येक चुकीने आकडे कसे बदलतील ते संगणकावर काढून ठेवायचे आणि मोजलेली माळ त्यांच्याशी ताडून पाहायची. म्हणजे निदान करणाऱ्याला समीकरणांइतकीच कारखान्यातल्या बाकाचीही माहिती हवी. दशांश मिलिमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, हालचालही या पद्धतीत दिसू शकते.

प्रत्येक अंशाला आधीच्या चुंबकांवरून पट्टा आखून दिलेला होता. आकडा पट्ट्याबाहेर गेला की काम थांबायचे. सर्नने होकार दिल्याशिवाय कारखान्याला पुढचे पाऊल टाकता येत नसे. या टप्प्यावर कॉलरी सोडवून वेटोळे उघडणे त्रासाचे असले तरी शक्य होते. वर लोखंडी जू चढले, कवच वेल्ड झाले, की तीच चूक कितीतरी महाग.

पुढे 1.9 केल्विनला, अतिप्रवाही हेलियममध्ये, सर्व चुंबकांची चाचणी झाली, पण थंड स्थितीत क्षेत्र मोजले गेले ते साधारण पाचव्या हिश्शाच्याच चुंबकांचे. गरम आणि थंड मोजण्यांचे नाते पक्के बसल्यामुळे तेवढे पुरले, म्हणजे बाकीच्यांची भिस्त दहा अँपिअरच्या मोजणीवरच. थंड चाचणीच्या एसएम-18 या दालनात भारतीय अणुऊर्जा विभागाचे अभियंते पाळ्यांमध्ये राबले. विभागाचे इंदूरमधले केंद्र आणि आपल्या तुर्भ्याचे भाभा अणु संशोधन केंद्र या सहकार्यात होते.

या पद्धतीची नजर कुठपर्यंत पोहोचते हेही बघायला हवे. जी चूक वेढ्यांची जागा किंवा त्यांतला प्रवाह बदलते तीच तिला दिसते. इन्सुलेशनला गेलेली चीर शॉर्ट होईपर्यंत लपून राहते. आणि दोन चुंबकांना जोडणारा सांधा तर बोगद्यातच भरला जातो, तो कारखान्यातल्या मोजणीत येणार कसा? 19 सप्टेंबर 2008 ला असाच एक सांधा निकामी झाला, टनावारी हेलियम बोगद्यात सुटला आणि 53 चुंबक वर काढावे लागले. त्यानंतर सांध्यांचा रोध नॅनोओहमपर्यंत मोजणारी वेगळी व्यवस्था उभी राहिली.