तीन सर्व्हर आणि बहुमत

सर्व्हर वेगळे, स्टोरेजची महागडी पेटी वेगळी आणि दोन्हींना जोडणारं नेटवर्क वेगळं, ही डेटा सेंटरमधली जुनी मांडणी. हायपर-कन्व्हर्ज्ड पद्धतीत ती पेटीच जाते. सगळ्या सर्व्हरमधल्या डिस्क मिळून एक सामाईक साठा बनतो आणि त्याच सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनही चालतात. ब्रॉडकॉमने २०२३च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर विकत घेतल्यापासून ओपन सोर्स पर्यायांचा शोध वाढला. त्यांतला प्रॉक्समॉक्स व्हीई हा व्हिएन्नातल्या कंपनीने २००८पासून दिलेला. पाया डेबियनचा, व्हर्च्युअल मशीनला केव्हीएम, कंटेनरला एलएक्ससी आणि साठ्याला सेफ.

बसवणं अवघड नाही. प्रत्येक सर्व्हरवर इन्स्टॉलर चालवायचा, ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर जायचं, एकावर क्लस्टर बनवून बाकीचे त्याला जोडायचे. खरा विचार करायचा तो त्याआधी, आणि त्याची सुरुवात तीन या संख्येपासून होते.

दोनच सर्व्हर असले आणि मधली केबल तुटली, तर दोघांनाही वाटणार की दुसरा बंद पडला. दोघांनी तेच मशीन सुरू केलं की एकाच डिस्कवर दोघं लिहू लागतात आणि डेटा बिघडतो. म्हणून निर्णय बहुमताने होतो. तिघांपैकी दोघे एकमेकांना दिसत असतील तर त्यांचं चालतं. एकटा पडलेला नवं मशीन सुरू करत नाही. त्याच्यावर हाय अव्हेलेबिलिटीखालची मशीन असतील तर वॉचडॉग त्याला मिनिटभरात रीबूट करतो, आणि साधारण दोन मिनिटांत ती मशीन इतरत्र नव्याने सुरू होतात.

बहुमताची ही मोजणी प्रॉक्समॉक्समधला कोरोसिंक हा प्रोग्राम करतो. त्याला बँडविड्थ थोडीच लागते, पण उशीर अजिबात चालत नाही. सेफची जड वाहतूक त्याच तारेवर असली, तर डिस्क बदलल्यावर होणाऱ्या कॉपीच्या गर्दीत त्याचे निरोप अडकतात आणि धडधाकट सर्व्हर रीबूट होतात. कोरोसिंकला साधी एक गिगाबिटची का होईना, स्वतंत्र लाइन द्याच. सेफला किमान दहा गिगाबिट.

आता जागेचा हिशेब. सेफ प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर ठेवतो. दोन शिल्लक असेपर्यंत लिहिणं चालू राहतं. तीन सर्व्हर, प्रत्येकी चार टेराबाइटच्या चार डिस्क, म्हणजे एकूण ४८; हाती येतात १६. तेही पूर्ण भरायचे नाहीत. एक डिस्क गेली की तिचा भार त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तिघींवर येतो, कारण दोन प्रती एका सर्व्हरवर ठेवायच्या नसतात. डिस्क ६० टक्के भरलेल्या असतील तर उरलेल्या ८० टक्क्यांवर जातात. ८५ला इशारा मिळतो, ९५ला लिहिणंच थांबतं. म्हणून वापर दहा टेराबाइटच्या आत ठेवणं शहाणपणाचं. प्रत्येक सर्व्हरमध्ये दोनच मोठ्या डिस्क घालण्याचा मोह मी तरी टाळेन: एक गेली की सगळा भार दुसरीवर. आणि डिस्क रेड कंट्रोलरमागे लपवू नका. सेफला त्या थेट दिसायला हव्यात.

रोजच्या कामात मोठी सोय म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं. कंटेनरला मात्र हलवताना रीस्टार्ट लागतो. अपडेट करताना एका वेळी एकच सर्व्हर घ्यावा: मशीन हलवा, सेफला ‘नोआउट’ लावा म्हणजे तो प्रतींची उगाच धावपळ करणार नाही, मग रीबूट. ‘नोआउट’ काढल्यावर सेफची प्रकृती पुन्हा ‘ओके’ दिसल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिन्हीकडून त्याच क्षणी जाते. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर क्लस्टरबाहेरच्या यंत्रावर बसवा आणि त्यातून एखादं मशीन अधूनमधून खरोखर उभं करून पाहा. खरं काम चढवण्याआधी एका सर्व्हरची वीज मुद्दाम काढा आणि कोणतं मशीन किती वेळात कुठे उठतं, ते लिहून ठेवा.